वास येतोय ना?

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

 

आरोग्याचा विषय निघाला की आपण अंगात रक्त कमी असण्यावर बोलतो, बीपी-शुगरवर बोलतो, गुडघ्यांवर तर कितीदा बोलून झालं. नाकाची आठवण मात्र सर्दी झाली तरच होते. म्हणून आजचं बोलणं नाकावर. वास कसा कळतो, तो कळेनासा झाला तर शरीर आपल्याला काय सांगत असतं, आणि वास ओळखणाऱ्या ज्या बारीक गोष्टी नाकात आहेत त्या शरीरात आणखी कुठे सापडल्या, हे आज पाहू. त्यावरून जगभरात नवी औषधं आणि नव्या तपासण्या शोधण्याचं काम चाललंय. त्यातलं आज आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हेही स्पष्ट सांगू.

आधी एक प्रश्न. तुम्हाला वास येतो का? हसू नका. दवाखान्यात आपल्याला भूक लागते का, झोप लागते का, पोट साफ होतं का, हे विचारतात. वास येतो का, हे कितीजणींना कोणी विचारलंय? गटात बसला असाल तर हात वर करून पाहा. एखादाच हात वर येईल.

आता असा विचार करा की घरातल्या बाईला वास येत नाही. चुलीवर दूध लागतं, तिला कळत नाही. सकाळची भाजी आंबते, तिला कळत नाही, ती तीच वाढते. बाळाने लंगोट भरला, कळत नाही. मग घरात काय ऐकू येतं? "लक्ष कुठे असतं तुझं?" तीही स्वतःलाच दोष देते. नाकाने काम सोडलंय हे तिच्याही मनात येत नाही, कारण दृष्टी गेली की दिसायचं थांबतं, पण वास गेला तर दिसण्या-ऐकण्यात काहीच फरक पडत नाही. अशा बाईला निष्काळजी म्हणणं म्हणजे बहिऱ्या माणसाला उद्धट म्हणण्यासारखं आहे.

नाकातली कुलपं

बामणोदचं हिरवं वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायला घातलं की वास तीन घरं ओलांडून जातो. जातं ते काय? त्या वांग्यातून आणि धुरातून सुटलेले, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. शास्त्राच्या भाषेत रेणू. आपण श्वास घेतला की ते नाकात शिरतात. नाकाच्या अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आतल्या बाजूला, पोस्टाच्या तिकिटाएवढी त्वचा आहे. तिच्यात लाखो पेशी आहेत आणि प्रत्येक पेशीच्या टोकावर छोटी छोटी कुलपं आहेत. ठरावीक आकाराचा रेणू आला की तो किल्लीसारखा ठरावीक कुलपात बसतो. कुलूप उघडलं की पेशी मेंदूला निरोप धाडते. या कुलपांना गंधग्राहक म्हणतात. ग्राहक म्हणजे इथे दुकानातलं गिऱ्हाईक नाही, ग्रहण करणारा, पकडणारा.

माणसाच्या नाकात अशी सुमारे 400 प्रकारची कुलपं आहेत. उंदराच्या नाकात हजाराच्या वर. एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचं कुलूप असतं. तुम्ही म्हणाल, वास तर हजारो आहेत, मग 400 कुलपांत भागतं कसं? आपल्या भजनी मंडळाची पेटी आठवा. पट्ट्या मोजक्याच असतात, पण कोणत्या पट्ट्या एकत्र दाबल्या त्यावर सूर बदलतो. तसंच एक वास अनेक कुलपं उघडतो, आणि कोणकोणती उघडली त्यावरून मेंदू ओळखतो की हे मोगऱ्याचं फूल, हे भाजलेलं जिरं, ही पहिल्या पावसाची माती. रावेर-यावलकडे केळी पिकवण्याच्या वखारीत जो गोड वास भरलेला असतो, त्यात आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एका रेणूचा मोठा वाटा आहे. नाव अवघड आहे, पण नाकाला त्याची ओळख लहानपणापासूनची.

हे सगळं कळलं कधी? फार जुनी गोष्ट नाही. 1991 साली अमेरिकेत लिंडा बक नावाच्या बाई आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी ही गंधग्राहकं बनवणारी जनुकं शोधून काढली. जनुक म्हणजे पेशीत लिहून ठेवलेली बनवण्याची कृती, जशी आपल्या काळ्या मसाल्याची घरोघरची कृती असते तशी. या कामासाठी दोघांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. पहिली, चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं खरं तर वास असतो. जीभ सांगते ते गोड, खारट, आंबट, कडू आणि एक मांसल-रुचकर चव, एवढंच. भरीत आणि वांग्याची साधी भाजी यातला फरक सांगतं ते नाक, घास चावताना तोंडाच्या मागच्या बाजूने वास वर जातो म्हणून. दुसरी गोष्ट, ठसका म्हणजे वास नव्हे. मिरचीची फोडणी दिली की डोळ्यांत पाणी येतं, शिंका येतात. तो निरोप मेंदूकडे वेगळ्याच नसेने जातो. त्यामुळे वास पूर्ण गेलेल्या बाईलाही ठेच्याचा ठसका लागतो. "मला ठसका लागतो, म्हणजे माझं नाक चांगलं आहे," असा हिशेब कोणी करू नका.

करोनाने दिलेला धडा आणि पुण्याचं काम

वास जाण्याची गोष्ट आपल्या गावांत पहिल्यांदा उघडपणे बोलली गेली ती करोनात. "चव गेली, वास गेला" हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू आलं. जून 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने वास किंवा चव जाणं हे करोनाच्या लक्षणांच्या यादीत घातलं. पुढे संशोधनात असं दिसलं की हा विषाणू मुख्यतः वास पकडणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधाराच्या पेशी कोलमडल्या की वासाच्या पेशींचंही काम थांबतं. नाकातल्या या पेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून बहुतेकांचा वास परत आला. काहींचा अजून नीट आलेला नाही.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक मोलाचं काम झालं. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, डॉ. निक्सन अब्राहम यांचा गट वासावर संशोधन करतो. त्यांनी आणि पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी मिळून वास मोजण्याचं एक यंत्र वापरलं. त्यात दहा वेगवेगळे वास होते. प्रत्येक वास आधी अगदी हलका, मग थोडा जास्त, असा मोजून सोडायचा आणि माणसाला तो कधी कळतो ते टिपायचं. ही तपासणी त्यांनी करोना झालेल्या, पण ताप नाही, खोकला नाही, काहीच त्रास नाही अशा लोकांवर केली.

2020 सालीच निकाल छापून आला. या लोकांपैकी सुमारे 15 टक्के जणांनाच स्वतःहून जाणवलं होतं की वासात काही बिघाड आहे. यंत्रावर मोजलं तेव्हा सुमारे 82 टक्के लोकांचा वास कमी झालेला निघाला. म्हणजे शंभरातल्या साधारण 67 लोकांचा वास कमी झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता! आपण मघाशी ज्या बाईबद्दल बोललो, तिला स्वतःचं स्वतःला का कळत नाही, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. विचारल्याशिवाय, तपासल्याशिवाय हे कळत नाही.

याच गटाने पुढे आणखी एक तपासणी केली. एकापाठोपाठ एक दोन वास द्यायचे आणि विचारायचं, दोन्ही सारखे की वेगळे? ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी पहिला वास डोक्यात धरून ठेवावा लागतो. करोनातून बरे झालेल्या काही लोकांना हे जमवायला नंतरही जड जात होतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे वासाची तपासणी ही केवळ नाकाची तपासणी राहत नाही. ती मेंदूचीही असते.

अशा खुणेला डॉक्टर बायोमार्कर म्हणतात. बायोमार्कर म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण. रक्तातली साखर ही मधुमेहाची खूण, तसं. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या आजारात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचा वास कमी झालेला असतो. म्हणून जगभरात डॉक्टर वासाच्या तपासणीकडे लक्ष देऊ लागले आहेत. पण लगेच घाबरू नका. वास कमी झाला म्हणजे कंपवात झाला असं अजिबात नाही. सर्दी, नाकात वाढलेलं मांस, सायनस, डोक्याला मार, वाढतं वय, अशी साधी कारणं कितीतरी जास्त असतात.

स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न या नर्सबाईंची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांच्या नवऱ्याच्या अंगाला एक वेगळाच वास येऊ लागला. बारा-एक वर्षांनी त्यांना कंपवात असल्याचं निदान झालं. पुढे कंपवाताच्या इतर रुग्णांना भेटल्यावर जॉयबाईंच्या लक्षात आलं की तोच वास सगळ्यांना येतोय. शास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा घेतली. काही रुग्णांचे आणि काही निरोगी माणसांचे अंगात घातलेले टी-शर्ट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सगळे रुग्ण बरोबर ओळखले. निरोगी माणसांपैकी एकालाही त्यांनी रुग्ण ठरवलं, तेव्हा ती चूक वाटली. काही महिन्यांनी त्या माणसालाही कंपवाताचं निदान झालं. आता मँचेस्टर विद्यापीठात त्वचेवरच्या तेलकट थरातून हा आजार ओळखण्याची चाचणी तयार करण्याचं काम चाललंय. त्याची सुरुवात एका बाईने "मला असा वास येतो" हे सांगण्यापासून, आणि कोणीतरी ते मनावर घेण्यापासून झाली.

नाकाबाहेरचं नाक

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. ही गंधग्राहकं फक्त नाकात नाहीत. 1992 सालीच, म्हणजे शोध लागल्यावर वर्षभरात, ती पुरुषबीज तयार होतं त्या ठिकाणी सापडली. पुढे मूत्रपिंडात सापडली, त्वचेत सापडली, आतड्यात, रक्तवाहिन्यांत सापडली. मूत्रपिंड काही भरताचा वास घेत नाही. मग तिथे या कुलपांचं काय काम? शरीरात फिरणारे रासायनिक निरोप पकडणं, हे त्यांचं काम. नाकात बसलेलं कुलूप बाहेरच्या जगाची खबर घेतं, पोटातलं कुलूप आतल्या जगाची.

एकाच कुलपाची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. त्याचं नाव नंबराचं आहे, ओआर51ई2. माणसाच्या प्रोस्टेट ग्रंथीत ते भरपूर सापडतं. ही ग्रंथी पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असते आणि उतारवयात तिचा त्रास होतो. घरातले आजोबा रात्री चार-पाच वेळा उठतात, ते बहुधा हिच्यामुळे. 2000 साली शास्त्रज्ञांना दिसलं की प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हे कुलूप पेशींवर नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात असतं. म्हणून ते कॅन्सरची खूण म्हणून वापरता येईल का, यावर काम चाललं आहे.

याच कुलपाचं उंदरातलं भावंड मूत्रपिंडात सापडलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जेनिफर प्लुझनिक यांचं हे काम. आपण कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाजी खातो, त्यातला चोथा आपल्याला पचत नाही. आतड्यातले जंतू तो खातात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. ती रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडातल्या या कुलपात किल्लीसारखी बसतात. 2013 साली त्यांनी दाखवलं की उंदरांमध्ये हे कुलूप उघडलं की रक्तदाब वाढवणारं रसायन सुटतं, आणि त्याच आम्लांनी उघडणारं दुसरं एक कुलूप रक्तदाब खाली आणतं. जणू एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे. त्यातून तोल राहतो. पोटातल्या जंतूंचा आणि बीपीचा असा संबंध असू शकतो, हे यातून दिसलं. हे उंदरातलं काम आहे, माणसात किती लागू पडतं ते अजून तपासलं जातंय.

2023 साली याच ओआर51ई2 कुलपाचा नेमका आकार, त्यात किल्ली बसलेली असतानाचा, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा टिपला. माणसाच्या गंधग्राहकाचा असा पहिलाच नकाशा. त्याचं एवढं महत्त्व का? कारण कुलपाचा आकार कळल्याशिवाय किल्ली घडवता येत नाही, आणि औषध म्हणजे शेवटी घडवलेली किल्लीच असते.

तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या डबीत अशा किल्ल्या आधीच आहेत. बीपीची ॲटेनोलॉलची गोळी, शिंका-खाजेची सेट्रिझिनची गोळी, दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, ही सगळी औषधं शरीरातल्या अशाच घराण्यातल्या कुलपांवर काम करतात. जगात वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं या एका घराण्यावर चालतात. आणि त्या घराण्यातली सगळ्यात मोठी शाखा म्हणजे आपली ही गंधग्राहकं. एवढी मोठी शाखा औषधांसाठी जवळजवळ न वापरलेली पडून आहे, म्हणून शास्त्रज्ञांचं तिकडे लक्ष लागलंय.

आणखी दोन उदाहरणं थोडक्यात. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात 2014 साली त्वचेच्या पेशींवर चंदनाच्या वासाचं कुलूप सापडलं. चंदनासारखा वास असलेलं एक कृत्रिम रसायन त्या पेशींवर घातलं तर जखम भरून यावी तशा त्या वेगाने वाढल्या आणि सरकल्या. दुसरं उदाहरण आपल्या बायकांच्या जास्त जवळचं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये असं एक गंधग्राहक सापडलं जे स्तनाच्या निरोगी भागात दिसलं नाही. पुढे-मागे त्यातून लवकर निदानाची एखादी चाचणी निघू शकेल.

आणि इथेच सावध राहायचं

मैत्रिणींनो, आत्ता आम्ही जे सांगितलं त्यातलं नाकाबाहेरचं बहुतेक काम काचेच्या ताटलीतल्या पेशींवर, उंदरांवर, किंवा काढून घेतलेल्या गाठींवर झालेलं आहे. दवाखान्यात मिळणारं औषध त्यातून अजून आलेलं नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरचंच पाहा. ते कुलूप एका वासाच्या रसायनाने उघडल्यावर काही प्रयोगांत कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावली, तर दुसऱ्या प्रयोगांत त्या पेशी पसरण्याचा धोका वाढलेला दिसला. एकच किल्ली, पण दार कुठे उघडतं ते अजून नक्की नाही. म्हणून शास्त्रज्ञ घाई करत नाहीत.

घाई करतात ते विकणारे. उद्या आठवडे बाजारात किंवा मोबाइलवर कोणी सांगेल की चंदनाच्या तेलाने जखम भरते हे जर्मनीत सिद्ध झालंय, अमुक अत्तर हुंगलं की कॅन्सर बरा होतो. तेव्हा हे भाषण आठवा. तो प्रयोग चंदनाच्या तेलावर नव्हता, माणसाच्या जखमेवरही नव्हता. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम तेल लावत घरी ठेवली तर पाय गमवावा लागतो. आणि स्तनात गाठ लागली, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी झाली, तर कोणत्याही नव्या चाचणीची वाट न पाहता आजच दवाखाना गाठायचा. आशाताईंना सोबत घ्या, पण जा.

आज आपल्या हाती काय आहे

औषधं यायची तेव्हा येतील. खूण मात्र आजच वाचता येते. त्यासाठी यंत्रही लागत नाही.

पुढच्या बैठकीत एक छोटा उपक्रम करा. पाच डब्या घ्या. एकीत भाजलेलं जिरं, एकीत हिंग, एकीत चहाची पूड, एकीत लिंबाची साल, एकीत एखादं वासाचं फूल. एकेकीने डोळे मिटून, आधी एक नाकपुडी आणि मग दुसरी बंद करून ओळखायचं. मिरची, कापूर, बाम यात घेऊ नका, ते झोंबतात, आणि झोंबणं म्हणजे वास नाही हे आपण मघाशी पाहिलं. ही काही डॉक्टरी तपासणी नाही. पण एखादीला बाकीच्यांना सहज येणारे वास येत नसतील, तर तिला ते स्वतःबद्दल कळेल आणि घरच्यांनाही सांगता येईल.

ज्यांना वास येत नाही त्यांनी डॉक्टरांना कधी दाखवावं? सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास परतला नाही तर. एकाच नाकपुडीचा वास गेला, त्या बाजूने रक्त येतं, नाक सतत बंद राहतं तर. डोक्याला मार लागल्यावर वास गेला तर. आणि वास जाण्याबरोबर हालचाली मंदावल्या, हात थरथरतो, विसर पडतो असं असेल तर नक्कीच. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर कधी असतात ते विचारून जा. जाल तेव्हा त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपणहून सांगा, "डॉक्टर, मला वास येत नाही. इतक्या महिन्यांपासून."

करोना किंवा दुसऱ्या सर्दी-तापानंतर वास गेलेल्यांसाठी एक सोपा व्यायाम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 साली तो तपासून पाहिला आणि आता जगभर सांगितला जातो. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वास दहा-पंधरा सेकंद हळूहळू हुंगायचा आणि मनात तो वास आठवायचा. असं किमान बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो, आणि खर्च काहीच नाही. तेल नाकात घालायचं नाही, फक्त दुरून हुंगायचं. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषारी असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

गॅसचं फार महत्त्वाचं आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात. म्हणजे आपलं सगळं संरक्षण नाकावर उभं आहे. घरात स्वयंपाक करणारीलाच वास येत नसेल तर रोज रात्री रेग्युलेटर बंद करणं हा नियमच करा, आणि सकाळी शेगडी पेटवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वास घ्यायला सांगा. गळती वाटली तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 या नंबरवर कळवा.

जेवणाकडेही पाहा. वास गेला की जेवण पुठ्ठ्यासारखं लागतं. मग काहीजणी जेवणच कमी करतात, वाळत जातात. काहीजणी चव यावी म्हणून मीठ वाढवतात, आणि बीपी असेल तर ते घातक ठरतं. मिठाऐवजी लिंबू, चिंच, दही वापरा, कुरकुरीत आणि मऊ पदार्थ एकत्र वाढा, म्हणजे जिभेला आणि दातांना काहीतरी मिळतं. शिळं ओळखता येत नाही, तर अन्न केव्हा शिजवलं ते लक्षात ठेवा, आणि शंका आली तर शेजारणीला हुंगायला द्या.

शेवटचं, शेताचं. कपाशीवर फवारणी चालू असताना आपण शेजारच्या ओळीत निंदत असतो, घरी येऊन फवारणीचे कपडे आपणच धुतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की ज्यांच्या अंगावर कधीतरी कीटकनाशक मोठ्या प्रमाणात सांडलं किंवा उडालं होतं, त्यांच्यात पुढे वास कमी झाल्याच्या तक्रारी जास्त होत्या. म्हणून फवारणीच्या दिवशी त्या वावरात जायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे, हातमोजे घालायचे. अंगावर औषध उडालं तर "वास जाईल आपोआप" म्हणत काम करत राहायचं नाही, लगेच साबणाने धुवायचं.

मैत्रिणींनो, एक काम आठवड्याभरात करा. घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंना, करोना होऊन गेलेल्या नणंदेला, ज्या सुनेला तुम्ही दूध करपवल्याबद्दल बोलला असाल तिला, जवळ बसवून विचारा: "वास येतोय ना गं?" नाही म्हणाली तर बोलणं थांबवा आणि तिला घेऊन दवाखान्यात जा. आशाताईंनाही सांगा की घरभेटीला येतील तेव्हा हा एक प्रश्न विचारत जा. तुमच्या गटात पाच डब्यांचा उपक्रम झाला की कितीजणींना काय ओळखता आलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.

सांभाळून राहा. राम राम!